ट्रुक लगूनला जायचंय? आधी परतीचं विमान ठरवा, मग जहाजं

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे पुण्याचे आहेत. स्कूबा डायव्हिंगचा अॅडव्हान्स्ड ओपन वॉटर कोर्स झालाय, ३८ डायव्ह झाले आहेत, बहुतेक हॅवलॉक आणि तारकर्लीचे. पत्नीचा त्याआधीचा, ओपन वॉटर कोर्स झालाय, १५ डायव्ह. पुढच्या फेब्रुवारीत दोघांना मायक्रोनेशियातल्या ट्रुक लगूनला जायचंय, जमलं तर १७ तारखेला, तिथल्या १९४४ च्या हल्ल्याच्या स्मृतिदिनी. रजा ९ दिवसांची. सोबत तिथे बुडालेल्या १४ जहाजांची यादी जोडली आहे आणि तिच्यात सगळ्यात वर सान फ्रान्सिस्को मारूवरचे रणगाडे. विचारलंय की बोटीवर राहावं की हॉटेलात, फेब्रुवारी बरा का, नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन मिसळलेली हवा) लागेल का, आणि जहाजाच्या आत शिरायला कोणता कोर्स करू.

चारही उत्तरं देतो. पण तुमची यादी वाचताना मला दिसलं ते असं, की ती जहाजांच्या प्रसिद्धीवरून बनली आहे. कुठलं जहाज किती खोल आहे, तिथे तुमची हवा किती मिनिटं पुरेल, काही बिनसलं तर वर आल्यावर मदत किती लांब आहे, हे त्या यादीत कुठेच नाही. ट्रुकसारख्या ठिकाणी नियोजन उलट्या टोकाने करावं लागतं. परतीचं विमान, त्याआधीचा कोरडा, म्हणजे डायव्ह न करण्याचा, दिवस, वैद्यकीय मदत, मग हवेचा हिशोब, आणि हे सगळं बसल्यावर जी जहाजं उरतील ती तुमची. घाबरू नका, उरतात ती भरपूर आहेत.

ज्यांना ही जागा माहीत नाही त्यांच्यासाठी. चुउक हे मायक्रोनेशिया संघराज्याच्या चार राज्यांपैकी एक. ट्रुक हे त्याचं जुनं नाव, डायव्हर मंडळी अजून तेच वापरतात. सव्वादोनशे किलोमीटर घेराच्या प्रवाळ कड्याच्या आत एक भलंमोठं लगून आणि त्यात डोंगराळ बेटं. पहिल्या महायुद्धात जपानने ही बेटं जर्मनीकडून घेतली आणि दुसऱ्या महायुद्धात इथे पॅसिफिकमधला आपला मोठा नाविक तळ उभा केला. १७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ ला अमेरिकेच्या विमानवाहू जहाजांवरून ‘ऑपरेशन हेलस्टोन’ नावाचा हल्ला झाला. जपानच्या मोठ्या युद्धनौका काही दिवस आधीच निघून गेल्या होत्या, त्यामुळे बुडाली ती मुख्यतः मालवाहू आणि तेलवाहू जहाजं. संख्या चाळीसच्या वर. विमानं अडीचशेच्या वर नष्ट झाली. लगूनच्या आत लाटांचा मार नाही, युद्धानंतर जहाजं कापून भंगारात काढण्याचं कामही फारसं झालं नाही, म्हणून ती आजही माल पोटात घेऊन उभी-आडवी आहेत. १९६९ मध्ये फ्रेंच समुद्रसंशोधक कुस्तोची मोहीम इथे आली आणि जगाला ही जागा कळली. त्याआधीपासून हा पसारा ओळखून असलेला माणूस म्हणजे किमिओ ऐसेक. सतरा वर्षांचा असताना त्याने तो हल्ला किनाऱ्यावरून पाहिला होता, आणि १९७३ मध्ये त्याने तिथे डायव्हिंगचा व्यवसाय सुरू केला.

आता यादीतल्या पहिल्या नावाकडे. सान फ्रान्सिस्को मारू सरळ उभी आहे, तळ साठ मीटरच्या पुढे, आणि डेकवरचे ते तीन छोटे रणगाडे पन्नास मीटरच्या आसपास. तुमच्या कार्डाची मर्यादा ३० मीटर, हे तुम्हाला माहीत आहे. प्रश्नात तुम्ही लिहिलंय, ‘गाइड सोबत असेल तर चालतं असं ऐकलं’. चालवणारे सापडतात, खरं आहे. पाच मीटरवर एक जादा सिलिंडर टांगून ठेवतात आणि एकेका सिलिंडरवर माणसं खाली नेतात. मी नेत नाही. कारण सांगतो आणि हिशोब तुमच्यासमोरच मांडतो, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबायला नको.

तिथे मिळणारं नेहमीचं अॅल्युमिनियमचं सिलिंडर सुमारे ११ लिटरचं. २०० बार दाबाला भरलं की २,२०० लिटर हवा. शांतपणे पोहणारा माणूस पृष्ठभागाच्या मानाने मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरू. पन्नास मीटरवर दाब सहापट, म्हणजे १२० लिटर. आता समजा, तिथे एकाची हवा गेली आणि दोघांना एकाच सिलिंडरवर वर यायचंय. घाबरलेला माणूस ३० लिटर ओढतो, दोघांचे ६०. गोंधळ निस्तरायला एक मिनिट धरा, ३६० लिटर गेले. मिनिटाला नऊ मीटर या गतीने पाच मीटरपर्यंत यायला पाच मिनिटं, सरासरी पावणेचारपट दाब, सुमारे १,१२५ लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायला २७०. बेरीज १,७५५ लिटर, म्हणजे जवळपास १६० बार. याचा अर्थ, रणगाड्याजवळ असताना दाबमापकावर १६० दिसला की निघायचं. २०० ने सुरुवात केलेला माणूस खाली पोचतो तेव्हा दाबमापकावर १८० च्या आसपास असतं. हातात राहतात दोन मिनिटं. आणि या हिशोबात मी डिकम्प्रेशनचे, म्हणजे अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडू देण्याचे, थांबे धरलेलेच नाहीत.

दुसरी गोष्ट, पन्नास मीटरवर हवा नुसती लवकर संपत नाही, ती घट्टही होते. गेल्या काही वर्षांत श्वासवायूच्या घनतेवर जे काम झालं त्यातून आलेला सल्ला असा, की लिटरला ५.२ ग्रॅमच्या आत राहावं आणि ६.२ ओलांडूच नये. साध्या हवेसाठी पहिला आकडा साधारण ३० मीटरला येतो, दुसरा चाळीसच्या अलीकडेच. त्यापुढे श्वास घ्यायलाच श्रम पडतात, कार्बन डायऑक्साइड साचतो, त्यात नायट्रोजनची धुंदी. ज्यांना ती जहाजं नीट करायची असतात ते जोड सिलिंडर किंवा रिब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा देणारं यंत्र) घेऊन, हेलियम मिसळून जातात, आणि तो हेलियम तिथे खूप आधी सांगून, दाम मोजून मागवावा लागतो. तेव्हा सान फ्रान्सिस्को, आयकोकू आणि तुमच्या यादीतली निप्पो, ही तीन नावं या खेपेला खोडा. निप्पोवरचाही रणगाडा छान आहे आणि तो चाळीसच्या किंचित अलीकडे आहे, म्हणूनच मोह होतो. डीप कोर्स करून, त्यानंतर त्या खोलीवर हात बसला असेल तर बोलू.

नायट्रॉक्स मात्र दोघांनीही करावं. इथे मी जरा आग्रही आहे. दिवसाला दोन-तीन डायव्ह, सलग चार-पाच दिवस, बहुतेक वेळ २० ते ३० मीटरमध्ये. ३० मीटरवर साध्या हवेवर तक्ता डिकम्प्रेशनच्या थांब्यांशिवाय २० मिनिटं देतो, ३२ टक्के ऑक्सिजनवर ३०. पण ३२ टक्के घेऊन ३४ मीटरच्या खाली जायचं नाही, तिथे ऑक्सिजनच बाधू शकतो, आणि ट्रुकच्या बऱ्याच जहाजांचा तळ नेमका ३३ ते ४० मध्ये आहे. मालखान्यात डोकावताना डोळे जहाजावर असतात आणि डायव्ह कॉम्प्युटरवरची खोली चार मीटरने वाढलेली कळत नाही. म्हणून जिथे घसरण्याची भीती आहे तिथे २८ टक्के मागा. त्याची मर्यादा ४० मीटर. आणि प्रत्येक सिलिंडरमधला ऑक्सिजन स्वतः मोजा, पट्टीवर स्वतः लिहा. तिथली माणसं चांगली आहेत, पण तो आकडा तुमच्या मेंदूसाठी आहे.

आत शिरण्याबद्दल. तुम्ही कोर्सचं नाव विचारलंत. रेक डायव्हरचा, म्हणजे बुडालेल्या जहाजांवरच्या डायव्हिंगचा, कोर्स करा, हरकत नाही. त्यात रील आणि दोरा वापरायला शिकवतात आणि मर्यादाही सांगतात, की दारातून येणारा उजेड दिसत राहिला पाहिजे आणि पृष्ठभागापासूनचं एकूण अंतर, खोली धरून, ४० मीटरच्या आत पाहिजे. पण कार्ड मिळालं म्हणून इंजिनरूम उघडत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांची मी एकच परीक्षा घेतो. वाळूच्या अर्ध्या मीटर वर पाच मिनिटं आडवं, हात बांधून, एका जागी तरंगायचं, आणि मग बेडकासारखी किक मारून वळायचं. खालची वाळू हलली तर जहाजाच्या आत जायचं नाही, इतकं साधं. कारण आत वाळू नसते, ८० वर्षांचा मऊ गाळ असतो. एका फिनच्या झपक्याने तो उठला की समोरचा टॉर्च दिसत नाही. शिवाय तुम्ही काहीही न करता, नुसत्या बुडबुड्यांनी छताचा गंज झडतो. आत जाताना स्वच्छ दिसलेली खोली बाहेर येताना चहासारखी झालेली असते.

आणि ही जहाजं म्हातारी होत चालली आहेत. वर्षागणिक पत्रे पातळ होतात, भिंती खचतात. पाच वर्षांपूर्वीच्या व्हिडिओत दिसणारी वाट आज तिथे असेलच असं नाही. काही ठिकाणी इंधन अजून साठून आहे. इंजिनरूममध्ये छताला तेल तरंगतं, ते कातडीला आणि रेग्युलेटरला दोन्हीला वाईट. मालखान्यात तोफगोळे, सुरुंग, पाणसुरुंगांचे डबे आहेत. गंजलेत म्हणून ते मेले असं समजू नका. मासेमारीच्या सुरुंगासाठी याच जहाजांतली स्फोटकं काढून वापरल्याचा इतिहास तिथे आहे, म्हणजे ती चालतात. कशालाही हात लावायचा नाही. काही उचलायचं तर मुळीच नाही, तो गुन्हा आहे. काही जहाजांत माणसांचे अवशेषही आहेत. गाइड कवटी दाखवायला नेऊ लागला तर मी मान हलवून नाही म्हणतो. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा.

तरी आत काहीच नाही का पाहायचं? पाहायचं. मालखान्यांची तोंडं मोठ्या अंगणाएवढी उघडी आहेत, वरून आकाशासारखा निळा उजेड येतो, आणि गाइडच्या मागे त्यांत उतरणं तुमच्या तयारीत बसतं. फुजिकावा मारू घ्या. १३२ मीटर लांब, सरळ उभी, डेक १५ ते १८ मीटरवर, पुढच्या टोकाला तोफ, तिच्यावर मऊ प्रवाळ. दुसऱ्या नंबरच्या मालखान्यात जपानी ‘झीरो’ लढाऊ विमानांचे सांगाडे, कॉकपिटसकट. ट्रुकमध्ये एकच जहाज बघायला मिळालं तर मी हेच निवडीन, आणि तुम्हाला दोनदा करायला सांगतो: पहिल्या दिवशी नुसतं बाहेरून, शेवटच्या दिवशी मालखान्यात. शिंकोकू मारू हे तेलवाहू जहाज, पर्ल हार्बरवर गेलेल्या ताफ्याला याने तेल पाजलं होतं. याचा ब्रिज (जहाज चालवायची वरची खोली) १२ मीटरवर, आणि प्रवाळ इतकं, की आपण जहाजावर आहोत हे विसरायला होतं. हेइआन मारू म्हणजे मुळात प्रवासी जहाज, नंतर पाणबुड्यांची सेवा करायला लावलेलं. १५५ मीटर, डाव्या कुशीवर पडलंय, वरची कूस पंधराच्या आत, नाळेवर नाव जपानी आणि रोमन दोन्ही लिप्यांत वाचता येतं, आत टॉर्पेडो आणि पेरिस्कोप. त्याचं जुळं भाऊबंद हिकावा मारू योकोहामाच्या बंदरात संग्रहालय म्हणून तरंगतंय. जाता-येता टोकियोत थांबणार असाल तर ते आधी पाहा. त्याचे जिने, दालनं डोळ्यांत ठेवून हेइआनवर उतरलात तर आडवी भिंत कसली आणि दार कुठलं ते चटकन उमगतं.

यामागिरी मारूच्या मालखान्यात यामातो आणि मुसाशी या अजस्र युद्धनौकांच्या तोफांचे ४६ सेंटिमीटरचे गोळे आहेत. माणसाएवढे. ते ३० च्या आत, पण वहिनींना तिथे नको. सांकिसान मारू उथळ, बंदुकीच्या गोळ्यांचे ढीग. शिवाय एतेन बेटाजवळ ‘बेटी’ बॉम्बर विमान वीसच्या आत, आणि ‘एमिली’ उडती नौका पंधराच्या आसपास. म्हणजे बघा, वहिनींच्या १८ मीटरच्या मर्यादेतसुद्धा फुजिकावाचा डेक, शिंकोकूचा ब्रिज, हेइआनची वरची कूस आणि एमिली बसतात. माझं मत विचाराल तर त्यांनी निघण्याआधी अॅडव्हान्स्ड करावं. पण ते त्यांना हवं असेल तर, तुमची यादी पुरी व्हावी म्हणून नको. तुमच्या पत्रात त्यांची इच्छा काय आहे ते कुठे आलेलं नाही.

बारा-चौदा जहाजं सहा दिवसांत करणारे असतात. रात्री जेवताना त्यांना विचारा, सकाळचं मालखान्यातलं ट्रक कुठल्या जहाजातलं, तर सांगता येत नाही. पाच-सहा जहाजं, त्यातली दोन-तीन पुन्हा. ३० मीटरसाठी वरचाच हवेचा हिशोब पुन्हा केला तर परतीचा आकडा ९० बार येतो, नेहमी सांगतात तो ५० नव्हे. १८ मीटरला ६० च्या आसपास. हे दोन आकडे पाटीवर लिहून बीसीडीच्या (हवा भरायच्या डायव्हिंग जाकिटाच्या) खिशात ठेवा. ३० मीटरवर २०० ते ९० या अंतरात तुम्हाला पंधराएक मिनिटं मिळतात, म्हणून आधी खोल भाग, मग डेक, मग शिडाच्या खांबावरून सावकाश वर. खांबावरचं मासळीचं आणि प्रवाळाचं जग बघत पाच मीटरवरचा थांबा कधी संपतो कळत नाही.

आता सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. चुउकला जायचा रस्ता म्हणजे जवळपास नेहमी गुआम. युनायटेडचं विमान गुआमहून येतं, तेच होनोलुलूपर्यंत बेटं घेत जातं. गुआम ही अमेरिकेची भूमी. भारतीय पासपोर्टला नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, गुआमसाठीची वेगळी सवलत काही देशांना आहे, त्यात भारत नाही. आणि येताना तुम्ही पुन्हा अमेरिकेत शिरता, म्हणजे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर अडकलात. मायक्रोनेशियाला स्वतःला महिनाभराच्या पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही, पण परतीचं तिकीट दाखवावं लागतं; नियम निघण्याआधी त्यांच्या अधिकृत पानावर पाहून घ्या. तुमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आधीच आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल, तर मुलाखतीची तारीख हातात येईपर्यंत एक रुपयाही कुठे भरू नका.

रजेचं गणित. मुंबईहून मनिला किंवा टोकियो, तिथून गुआम, तिथून वेनो. वेनो हे चुउकचं मुख्य बेट, विमानतळ तिथेच. जाताना गुआमला एक रात्र मोकळी ठेवा, कारण चुकलेलं विमान म्हणजे कधीकधी एक-दोन दिवस गेले, आणि मागे राहिलेली बॅग पुढच्या विमानाने येते. येताना शेवटच्या डायव्हनंतर विमानाआधी २४ तास कोरडे. सलग अनेक दिवस डायव्ह केल्यावरचा किमान सल्ला १८ तासांचा आहे, मी २४ च धरतो. हे सगळं ९ दिवसांत बसवलं तर पाण्याचे दिवस तीन उरतात. तीन दिवसांसाठी एवढा खर्च करू नका. १२-१३ दिवसांची रजा मिळत असेल तरच जा, म्हणजे पाण्यात पाच दिवस.

मदतीचा विचार असा करा, की विश्वासाची रिकम्प्रेशन चेंबर (डायव्हनंतरच्या आजारावर पुन्हा दाब देऊन उपचार करणारी खोली) गुआमला आहे, हजार किलोमीटरवर, आणि तिथवर नेणारं विमान आत समुद्रसपाटीचा दाब ठेवू शकणारं लागतं. त्याचा खर्च साधा प्रवासविमा देत नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारखा डायव्हिंगचाच विमा घ्या आणि त्यात हवाई स्थलांतर आहे ना, हे वाचून बघा. बोटीवर आणि हॉटेलात दोन्हीकडे पहिल्याच दिवशी विचारा: ऑक्सिजन किती आहे, तो लावायला कोण शिकलंय, रेडिओ कुठे. उत्तर देताना समोरचा अडखळला तर तो सगळा आठवडा आणखी उथळ करा. मी अशा जागी स्वतःच्या मर्यादेतून पाच मीटर वजा करून चालतो. तुमच्यासाठी म्हणजे २५.

फेब्रुवारी बरा का? बरा, पण ‘सर्वोत्तम’ वगैरे काही नाही. पाणी बारा महिने २८-२९ अंश. डिसेंबर ते एप्रिल हे शाळेच्या भूगोलातले व्यापारी वारे जोरात असतात; पाऊस त्यातल्या त्यात कमी, पण लगूनमध्येही पाणी उसळतं आणि छोट्या बोटीतून जाताना अंग भिजून गारठतं. पातळ जाकीट ठेवा. जून ते ऑक्टोबर वारा पडलेला, पाऊस जास्त. वादळं बहुधा इथे जन्मून पुढे पश्चिमेला जातात, पण २०१५ च्या मार्चअखेर मायसाक वादळाने चुउकलाच झोडपलं होतं, तेही ‘बऱ्या’ मोसमात. स्मृतिदिनाचा आठवडा बोटींवर लवकर भरतो. तुम्हाला तो दिवसच हवा असेल तर गोष्ट वेगळी, एरवी मार्च घ्या.

बोट की हॉटेल? बोटीवर राहिलात तर जहाजाच्या डोक्यावरच नांगरलेले असता, दिवसाला चार-पाच डायव्ह मिळतात, आणि बहुतेक सोबती अनुभवी, खोल जाणारे असतात. वेळापत्रक त्यांच्या चालीने चालतं. तुम्हा दोघांच्या पातळीत फरक आहे, वहिनी नव्या आहेत. तुम्हाला हॉटेल. वेनोवर ब्लू लगून आणि ट्रुक स्टॉप ही दोन जुनी नावं आहेत. दोघांसाठी वेगळा गाइड मागा, त्याचे जादा पैसे द्या, या सगळ्या सहलीतले सगळ्यात सत्कारणी लागणारे पैसे तेच. सकाळी एक खोल, एक उथळ, दुपारी जेवून आराम. एखाद्या दिवशी वहिनी म्हणाल्या की आज नको, तर बोट त्यांच्यासाठी अडत नाही आणि तुमचीही खोटी होत नाही.

तिथे पाळायच्या काही गोष्टी. लगूनमधले कडे आणि किनारे कुटुंबांच्या मालकीचे असतात, वाटेल तिथे उतरायचं नसतं. बायकांनी मांड्या झाकलेल्या असाव्यात असा रिवाज आहे. बोटीवर ठीक, गावात फिरताना लुंगी गुंडाळावी. रात्री गावात भटकू नका. चलन अमेरिकी डॉलर. डायव्हिंगचा परवाना आणि निघतानाचा कर रोखीने द्यावा लागतो, एटीएमच्या भरवशावर राहू नका. पानसुपारी सर्वत्र आहे, चुन्यासकट, त्यामुळे आपल्याला परकं वाटत नाही.

जेवण भात, मासे, डबाबंद मांस. शाकाहारी असाल तर आधी कळवा आणि तरी सोबत मेतकूट, भाजके पोहे, तयार पिठलं घेऊन जा. गुआमच्या कस्टममध्ये मांस आणि ताजी फळं-भाजी चालत नाहीत, बाकी जे असेल ते अर्जात लिहून दाखवा.

रेग्युलेटर, कॉम्प्युटर, मास्क हातातल्या बॅगेत, टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्याही. मोठी बॅग गुआमला राहिली तरी पहिला डायव्ह चुकायला नको. फिन आणि बीसीडी तिथे भाड्याने मिळतात. दुसरा टॉर्च, तिसरा छोटा टॉर्च, जादा मास्क, मूठभर ओ-रिंग, फिनचा पट्टा. बेटावर एखादी तीन रुपयांची रबरी कडी मिळत नाही म्हणून दिवस वाया गेलेले मी पाहिले आहेत. आपल्या रेग्युलेटरची सर्व्हिसिंग निघण्याआधी महिनाभर करून घ्या आणि मग त्यावर दोन-तीन डायव्ह करा. सर्व्हिसिंगहून थेट विमानात नको.

राहिला सराव. तारकर्लीला पाण्यात उतरायची भीती जाते, पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था चांगली आहे, पण तिथल्या खोलीवर आणि धूसर पाण्यात रेकचा सराव होत नाही. गोव्यात ग्रँड बेटाजवळ जे आहे ते उथळ आणि मोडकळलेलं. तरंगण्याच्या सरावाला मात्र उत्तम, कारण गढूळ पाण्यात फिन सांभाळायची सवय लागते. माझा सल्ला, ट्रुक एक वर्ष पुढे ढकला आणि येत्या वर्षात फिलिपिन्समधलं कोरोन करा. २४ सप्टेंबर १९४४ ला तिथे जपानी पुरवठा जहाजं बुडाली, बरीचशी २० ते ४० मीटरमध्ये, त्याच काळातली, त्याच घडणीची. मनिलाहून तिथल्या बुसुआंगा विमानतळाला तासाभराचं विमान, अमेरिकी व्हिसाची भानगड नाही, खर्च कितीतरी कमी. नायट्रॉक्स आणि रेकचा कोर्स तिथेच, खऱ्या जहाजांवर करा. बालीत तुलांबेनला लिबर्टी जहाज आहे, किनाऱ्यावरून चालत उतरता येतं, ५ ते ३० मीटर. वहिनींसाठी ते त्याहून सोपं. या दोन्हींनंतर तुमचे एकूण साठ-सत्तर डायव्ह होतील आणि वहिनींचे तिशी-चाळिशी. त्यानंतर ट्रुकला गेलात तर तीच जहाजं दुप्पट दिसतील.

पुढे ढकलणं शक्यच नसेल, काही कारण असेल, तर वर सुचवलेली नावं, २५ मीटरची रेघ आणि वेगळा गाइड एवढ्यावर या फेब्रुवारीतही जाऊ शकता. अशी साधी, उथळ सहल मी कित्येकांना करायला लावली आहे आणि ते खूश होऊन परतले आहेत.

पुढचं बोलण्याआधी मला तीन गोष्टी कळवा. अमेरिकेचा व्हिसा आहे का आणि त्यावर किती प्रवेश आहेत. तुमच्या शेवटच्या पाच डायव्हची खोली, वेळ आणि सुरुवातीचा-शेवटचा बार, म्हणजे वर मी जे २० लिटर धरले ते तुमच्या बाबतीत १५ आहेत की २५ ते काढता येईल. आणि वहिनींना काय बघायचंय, ते त्यांनीच लिहिलेलं असेल तर फार बरं.